भिकनचं प्रात्यक्षिक

भिकन निकमला घाणीची किळस येत नसे. उघड्या गटारीच्या काठावर उभा राहून तो निवांत भेळ खाई, आणि भेळवाल्याने बनियनला हात पुसून पुढची भेळ कालवली तरी त्याचा घास अडकत नसे. अडकायचा तो गाडीच्या पाटीकडे लक्ष गेलं की. 'चटपटीत' हा शब्द लाल, त्याला पिवळी कड, कडेला हिरवी सावली आणि शेजारी डोळा मारणारी मिरची. तेवढं दिसलं की भिकनचा चेहरा असा आंबायचा की भेळेत झुरळ निघालं असावं असं समजून भेळवाला न मागता दुसरी भेळ कालवायला घ्यायचा.

हे दुखणं लहानपणापासूनचं. विंचूरच्या शाळेत फळ्यावर रोज सुविचार लिहिलेला असे. तो वाचून इतर मुलांना चांगली बुद्धी होई की नाही ठाऊक नाही, भिकनला मात्र गुरुजींचा 'ळ' बघून मळमळे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत वरची श्रेणी मिळवून तो नाशकात आला, तेव्हा आपण आता सुंदर गोष्टी करायच्या, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि गोड सोसत नाही अशा माणसाला हलवायाच्या घरी घरजावई धाडावं, तसं नशिबाने त्याला लग्नपत्रिकांच्या छापखान्यात नेऊन बसवलं.

रविवार कारंज्याजवळच्या बोळात यादवशेठचा 'शुभमंगल' छापखाना होता. यादवशेठ मनाने सोन्यासारखा. कामगाराच्या घरी कोणी आजारी असलं की शेठच्या घरून मुगाची खिचडी जायची. पण जगात त्याला दोनच गोष्टींचं भय होतं, एक आयकर आणि दुसरी मोकळी जागा. पत्रिकेवर बोटभर कागद पांढरा दिसला की शेठ कासावीस व्हायचा.

"भिकनराव, हे मोकळं का सोडलंय?"

"श्वास घ्यायला, शेठ."

"कोणी घ्यायचा?"

"वाचणाऱ्यानं."

"तो मांडवात येऊन घेईल. इथं मोर टाक."

भिकन मोर टाकायचा. वर फेटा बांधलेला गणपती असायचाच. खाली सनई-चौघडा, केळीचे खांब, कलश, कलशातून निघणारे किरण, चार कोपऱ्यांना चार गुलाब, आणि ज्यांची मनगटं कोणाला जोडली आहेत हे कधीच कळत नाही असे हार घातलेले दोन हात. शिशाचे खिळे जुळवून छापायच्या जमान्यात एक बरं होतं. गुलाब छापायचा तर त्याचा ब्लॉक माळ्यावरून शोधून काढावा लागे, आणि त्या आळसापायी नाशिक जिल्ह्यातली पुष्कळ लग्नं सुंदर झाली. मग शेठने कॉम्प्युटर आणला. सोबत एक सीडी आली, तिच्यात हजारभर गुलाब होते. त्या दिवशी शेठने पेढे वाटले आणि भिकनने आपला पेढा टेबलाच्या खणात ठेवला, तो मुंग्यांनी नेला.

त्यात माणसांची नावं. दिंडोरीकडचं एक घराणं पत्रिका ठरवायला आलं की अख्खा छापखाना भरून जाई.

"आमच्या धाकल्या चुलत्याचं नाव जरा मोठं घ्या, त्ये सोसायटीचे चेअरमन हायेत."

"मग थोरल्यांचं?"

"त्यांचं त्याहून मोठं."

"आणि मुलीचं?"

"तिचं बसंल तिथं बसवा की."

अशी वर्षं गेली. भिकनचं लग्न झालं, सिडकोत भाड्याची दोन खोल्यांची जागा झाली, केस विरळ झाले. जेवताना तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला, कारण दुसऱ्या बाजूला कॅलेंडर होतं.

या साऱ्या चिखलात जीव लावून करावं असं एकच काम त्याच्या वाट्याला येई. दहाव्याची पत्रं. गोदाकाठी कुठकुठली माणसं दशक्रियेला येतात आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची पत्रं 'शुभमंगल'मध्येच छापली जात. यादवशेठला त्यात काही वावगं वाटत नसे. दुःखातल्या माणसाला मोर नको असतो. "तुम्हाला ठीक वाटेल तसं करा," एवढं बोलून तो डोळे पुसत निघून जातो. इतकं देखणं वाक्य लग्नाच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून भिकनने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मग तो दार लोटून घेई आणि दिवसभर त्या एका पत्रात रमे. अक्षर सरकवून बघे, रेघ बारीक करून बघे. बाकी सगळा पांढरा कागद तसाच राही, आणि शेठही तिथे ब्र काढत नसे. थोडक्यात, कोणीतरी मेल्याशिवाय भिकनला मोकळी जागा मिळत नसे.

दोन हजार तीन साली पावसाळा सरता सरता पेपरात एक जाहिरात आली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत द्राक्षं आणि भाजी परदेशी पाठवायची खोकी तयार करणारा एक कारखाना होता. त्याला डिझायनर पाहिजे होता. खाली लिहिलं होतं, 'मुलाखतीच्या वेळी प्रात्यक्षिक घेतले जाईल.' जाहिरात चार ओळींची, भोवती भरपूर जागा सोडलेली. भिकनला ती आधी दिसायला आवडली, मग त्याने ती वाचली.

"प्रात्यक्षिक म्हणजे?" त्याची बायको छाया तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "आमच्या सायन्सच्या बाई बेडूक कापायला द्यायच्या तसं?"

"इथं खोकं देतील."

"मग सोपं आहे. ते उडी मारत नाही."

भिकनने बूथवरून कारखान्यात फोन लावला. डिझाइन बघणाऱ्या भाग्यश्री मॅडमच फोनवर आल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की एक खोकं बघायला देऊ, त्यात काय चुकलंय ते सांगायचं. मग एक खोकं नव्याने करायला सांगू, आणि करताना मध्येमध्ये त्रास देऊ. शेवटी केलेलं कोणाला तरी दाखवू. दिवाळी झाली की यायचं, आणि सोबत आपलं आधीचं काम आणायचं.

फोन ठेवून भिकनने जाहिरातीची घडी खिशात घातली. या नोकरीवर त्याचा जीव जडला होता. ती मिळाली तर मोर सुटणार होते, नाहीतर पेन्शनीच्या वयापर्यंत फेट्यातला गणपती ठरलेला. गणपतीबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याच्या मते देवावर तो फेटा कोणीतरी जबरदस्तीने बांधला होता.

तयारी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाली. छाया सिडकोतल्या एका बालवाडीत शिकवायची, तेव्हा परीक्षक तीच. तिने देव्हाऱ्यातून अगरबत्तीचा पुडा काढून भिकनसमोर ठेवला.

"बघा. काय चुकलंय?"

भिकनने पुडा बघितला. त्याच्यावर एक अप्सरा होती, तिच्या हातातून धूर निघत होता आणि त्या धुरातून आणखी एक अप्सरा.

"शी," भिकन म्हणाला.

"पुढं?"

"पुढं काय? शी."

"अहो, आमच्या बालवाडीत कोणी शी म्हणालं की मी त्याला मागच्या दाराला नेते. तुम्हाला कुठं नेऊ? कारण सांगा."

"हे बघून कळत नाही?"

"मला नाही कळत. मला बरी वाटते ती बाई. का वाईट आहे ते सांगा."

तिथे भिकन अडकला. इतक्या वर्षांत आपल्याला किळस का येते हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं. किळस आली की ती पुरी होती, जशी शिंक पुरी असते. आता छाया समोर बसून 'का?' म्हणत होती, आणि दिवसभर बालवाडीतल्या पोरांकडून हाच प्रश्न ऐकून ती त्यात तरबेज झाली होती. तासभर दोघांनी त्या अप्सरेशी झटापट केली. शेवटी भिकन म्हणाला, "अगरबत्ती कसल्या वासाची आहे ते कुठंच दिसत नाही. मोगरा का चंदन, ते पुड्याच्या बुडाला लिहिलंय. दुकानदाराला पुडा उलटा करावा लागतो."

"हां," छाया म्हणाली. "हे कळलं. बाईचं काही नाही मग?"

"बाईचं... शी."

"मागच्या दाराला," छाया म्हणाली.

हळूहळू तो सुधारला. पावडरचा डबा झाला, बिस्किटं झाली, दुधाची पिशवी झाली. किळस होती तेवढीच राहिली, पण आता तिच्या पाठीमागून कारणंही येऊ लागली. याचा त्रास घराबाहेरच्यांना झाला. पूर्वी भिकन नुसतं तोंड वाकडं करायचा, ते लोक पित्ताचं समजून सोडून द्यायचे. आता तो थांबून समजावून सांगू लागला. दातांच्या डॉक्टरने पाटीवर हातपाय आणि हसरं तोंड फुटलेला, स्वतःलाच ब्रश करणारा दात काढला होता. भिकनने आत जाऊन विचारलं, की दाताला जर तोंड आहे, तर त्या तोंडात दात आहेत का, आणि असतील तर ते कोण घासतं? दवाखान्यात दुखरा दात धरून बसलेली बाई हसली आणि कळवळली. दिवाळीत शेजारच्या कमळाबाईंनी दारात मोठी रांगोळी काढली. भिकन तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"कशी झालीय, भाऊ?" कमळाबाईंनी कौतुकाने विचारलं.

"चार मोर चार दिशांना तोंड करून बसलेत. एकमेकांवर रुसल्यासारखे. बघणाऱ्याची नजर कुठं थांबायची?"

कमळाबाईंनी त्या वर्षी निकमांकडे फराळाचं ताट पाठवलं नाही. छायाने दोन दिवस भिकनशी अबोला धरला, पण परीक्षा घेणं काही सोडलं नाही.

त्रास देण्याच्या भागासाठी छायाने माहेरून आई बोलावली. सगुणाबाई मखमलाबादला झेंडू आणि शेवंती लावायच्या आणि फुलबाजारात स्वतः विकायच्या. गिऱ्हाइकाशी भांडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि आता तर त्यांनाच गिऱ्हाईक व्हायचं होतं. त्या मांडी ठोकून बसल्या.

"हं, जावईबापू. माझ्या झेंडूचं खोकं करा."

भिकनने शिकल्याप्रमाणे आधी विचारलं, "मामी, खोकं कोण बघणार? कुठं ठेवणार?"

"तुमाला काय करायचंय? तुमी काढा. मोठ्ठं फूल काढा."

भिकनने फूल काढलं.

"ह्ये फूल हाय? पापड वाटतो. आन माझं नाव कुठंय?"

"नाव खाली घेतलंय, मामी. बारीक."

"बारीक का? मी काय चोरून विकते? मोठं करा. आन बाजूला गडावरच्या देवीचा फोटो घाला. दुसऱ्या बाजूला आमचे ह्ये."

"मामंजी कशाला खोक्यावर?"

"मंग कुठं जातील त्ये? घरी बी बसू देत नाय मी त्यांना."

"मामी, एवढं सगळं घातलं तर झेंडू कुठं दिसेल?"

"खोकं उघडल्यावर दिसंल. आत झेंडूच हाय ना?"

भिकनने पेन्सिल खाली ठेवली आणि भिंतीला डोकं टेकलं. छाया मागून म्हणाली, "राग आलेला दिसता कामा नये. मॅडम तेच बघणार." भिकनने डोकं उचललं, हसण्यासारखं काहीतरी चेहऱ्याला केलं आणि म्हणाला, "मामी, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आपण असं करून बघूया का?" सगुणाबाईंनी लेकीकडे बघितलं. "ह्याला काय झालं गं? बरं नाय का?" त्यावरून तयारी नीट चालली आहे हे कळलं.

राहिलं आधीचं काम. भिकनने छापखान्यातले सगळे जुने गठ्ठे सोडले. एकेक पत्रिका उघडायची, डोळे मिटायचे, बंद करायची. एकीत गुलाबांच्या आत गुलाब होते. एकीत नवरदेवाचं नाव मोराच्या पिसाऱ्यात गेलं होतं आणि शोधायला भिंग लागलं असतं. हे सगळं आपण केलं आहे, याच हातांनी, ही जाणीव त्याला भर दुपारी उन्हासारखी लागली. परदेशी खोकी करणाऱ्या बाईसमोर हे ठेवणं म्हणजे मुलगी बघायला गेल्यावर आपले त्वचारोगाचे फोटो दाखवणं. शेवटी हाताला दहाव्याच्या पत्रांचा गठ्ठा लागला. त्याने ती एकेक करून उन्हात धरली. तीच तेवढी माणसांत नेण्यासारखी होती.

"मुलाखतीला दहाव्याची पत्रं घेऊन जाणार?" छायाच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"तेच माझं चांगलं काम आहे."

"घरात नाय आणायची," सगुणाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "असलं पत्र वाचलं की फाडून टाकतेत, ठेवून घेत नाय. आन ती बाई म्हणंल, ह्याला घेतला तर आपलं काय खरं नाय."

घरात आणता येईनात, म्हणून ती पत्रं मुलाखतीच्या दिवसापर्यंत खालच्या स्कूटरच्या डिकीत राहिली. स्कूटर घरमालकाची होती. त्याला सांगितलं नव्हतं.

अंबडचा कारखाना खळीच्या वासाने भरलेला होता. भाग्यश्री मॅडम खादीच्या साडीत, केस कापलेले, टेबलावर एक पेन्सिल आणि बाकी काही नाही. ते रिकामं टेबल बघूनच भिकनच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मॅडमनी पत्रं बघितली. एकेक, सावकाश.

"ही सगळी गेलेली माणसं?"

"हो, मॅडम."

"लग्नाचं काही नाही केलं?"

"केलंय. ते दाखवण्यासारखं नाही."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी एक खोकं पुढे सरकवलं. द्राक्षांचं होतं, आणि त्यावर सूर्य, विमान, पृथ्वीचा गोल आणि फेटा बांधलेला शेतकरी असा सगळा संसार होता. भिकनच्या घशापर्यंत 'शी' आली. त्याने ती गिळली, ठसका लागला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "पेट्या एकावर एक रचल्या की वरचं चित्र झाकलं जाणार. बाजूला उरतो तो फोन नंबर. हॉलंडमधलं गिऱ्हाईक आत काय आहे ते विचारायला फोन करणार नाही." मग त्याची गाडी सुटली. कुठल्या घडीत वजन लपतं, कुठला रंग ओलाव्याने उतरतो, शेतकऱ्याचा फेटा सूर्याला कसा खातो, तो बोलतच राहिला. मॅडमनी पेन्सिल उचलून काहीतरी लिहून घेतलं. सिडकोच्या दोन खोल्यांत केलेली सगळी झटापट त्या घटकेला वसूल झाली.

आता नवीन खोकं. द्राक्षांचंच. भिकनला कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्याने आधी प्रश्न विचारले. माल कुठं जाणार, खोकं कोण बघणार? दुकानात कसा मांडणार? मग तो कामाला लागला, आणि त्याला कळलं की इथे मोर टाक म्हणणारं कोणी नाही. मॅडमनी मध्येच येऊन त्रास दिला, "कंपनीचं नाव मोठं करा ना," वगैरे. पण सगुणाबाईंच्या हाताखालून गेलेल्या माणसाला तो त्रास म्हणजे मालीश. तो विनयाने उत्तरं देत होता आणि हात धावत होता. एवढी जागा. एवढी पांढरी, शांत, हक्काची जागा. असं सुख त्याला कामात कधी मिळालं नव्हतं.

छापून कागद बाहेर आला, तो खोक्यावर चिकटवला. मॅडमनी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. स्वच्छ आहे. आता हे वापरणाऱ्याला दाखवू."

बाहेरच्या बाकावर दिंडोरीचे एक बागायतदार, चिमाजी नावाचे, आपल्या खोक्यांची गाडी भरायची वाट बघत चहा पीत बसले होते. त्यांना आत बोलावलं. चिमाजींनी दारातून खोकं बघितलं, बशी खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कोण गेलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मॅडमनी भिकनकडे बघितलं, भिकनने मॅडमकडे. चिमाजींना वाटलं, घरचीच माणसं असावीत. "वय काय व्हतं?" त्यांनी आणखी हळू विचारलं, आणि समाचाराला वाकावं तसे खोक्यापाशी वाकले. मग म्हणाले, "ह्ये तर द्राक्षं हाय."

भिकनने खोक्याकडे बघितलं. मधोमध लंबगोलात द्राक्षाचा घड होता. भोवती बारीक काळी रेघ. खाली मोठ्या, साध्या अक्षरात नाव, आणि नावाच्या डावीकडे माल भरल्याची तारीख, उजवीकडे संपण्याची. सगळीकडे पांढरा शुभ्र कागद. फक्त 'शोकाकुल' म्हणून खाली निकम परिवार घालायचा राहिला होता.

"मला तर साधं, सुंदर वाटलं," मॅडम म्हणाल्या. त्या मुंबईच्या होत्या, आणि त्यांच्याकडे निधन पेपरातून कळत असावं.

"सुंदर आसंल वो बाई," चिमाजी म्हणाले. "पन पहिल्या तोडणीला आमी बागेत नारळ फोडतो. त्यो माल ह्याच्यात कोण भरील? खुडायला येनाऱ्या बाया हात लावायच्या नाय. आन घरी न्हेलं तर म्हातारी मलाच आंघोळ कर म्हनंल." टोपी परत घालून ते चहा संपवायला गेले.

किळस यायला समोर एक गुन्हेगार लागतो. आजवर तो कधी यादवशेठ होता, कधी दातांचा डॉक्टर, कधी कमळाबाई. आता भिकन त्या खोक्यापुढे बसून राहिला आणि ती सगळी जुनी, मुरलेली किळस वळून त्याच्यावरच आली. त्याचं तोंड कडू झालं. सगळ्या नाशकाच्या पाट्या ज्याला खुपतात, त्याला स्वतःच्या हातचं तिरडीचं सामान दिसलं नव्हतं.

"बोला," मॅडम म्हणाल्या. "यात काय चुकलं?"

छाया असती तर तिने मागच्या दाराकडे बोट दाखवलं असतं. भिकनने घसा साफ केला. "मला सुंदर म्हणून एकच गोष्ट ठाऊक आहे, मॅडम, आणि ती दहाव्याची आहे. लग्नाच्या मांडवातून जो पळालो, तो थेट घाटावर जाऊन थांबलो. हे खोकं कोण बघणार ते मी विचारलं. कोण भरणार ते विचारलंच नाही."

मॅडमनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. इतर उमेदवार येऊन गेले. मग त्याला पुन्हा आत बोलावलं.

"डिझायनरची जागा तुम्हाला देत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही केलेलं खोकं मी पास केलं असतं आणि सगळी खोकी बागेतूनच परत आली असती. पण दुसऱ्याचं काम तुम्ही जसं बघितलंत, तसं इथं कोणी बघत नाही. जो काढतो त्याला आपलं दिसत नाही, हे आज तुम्हीच दाखवलंत. मला असा माणूस हवाय जो काहीच काढणार नाही. छापायला जाण्याआधी प्रत्येक खोकं फक्त बघायचं आणि काय चुकलंय ते कारणासह लिहायचं. कराल?"

भिकन विचार करून सांगतो म्हणाला आणि सिटी बसने घरी आला. सगळ्या रस्त्याने त्याला एकच वाटत होतं, की आपल्याला चित्रकलेतून नापास करून पंतोजी केलं.

"म्हणजे दिवसभर चुका काढायच्या?" छायाने विचारलं.

"हो."

"आन त्याचा पगार देनार?" सगुणाबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. "नाकं मुरडायचा? अवं, हितं तर तुमी फुकट मुरडत व्हता."

"मामी, मला करायचं होतं. स्वतः काहीतरी."

"करून तर बघितलं. द्राक्षांचं दहावं घातलं."

छाया हसू दाबायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भिकन रागाने दुसऱ्या दिवशी छापखान्यात वेळेआधी हजर झाला. मनाशी म्हणाला, आपलं इथंच बरं, निदान हात तरी चालतात.

यादवशेठ त्याची वाटच बघत होता. मुंबईहून नवा माल आला होता. चमकी. आता पत्रिकेतल्या मोराच्या पिसाऱ्यावर, गुलाबांवर, गणपतीच्या फेट्यावर, सगळीकडे खरी चमकी चिकटवायची. शेठने हौसेने पिशवी फोडली, पंखा चालू होता. क्षणात सगळा छापखाना सोनेरी झाला. शेठच्या भुवया, खिडकीचे गज, भिकनचा चहा. भिकनने कपात बघितलं. सायीवर चमकी तरंगत होती. त्याने एक घोट घेतला, जीभ बाहेर काढून बोटाने पुसली, ते सोनेरी बोट उजेडात धरून बघितलं आणि उठला.

"शेठ, मी चाललो. अंबडला नोकरी लागलीय."

शेठ खुर्चीत बसला, तशी खुर्चीवरची चमकी उडाली. "तिथं काय करणार?"

"काही नाही. फक्त बघायचं."

"मोर असतात तिथं?"

"असले तर काढायला लावीन."

शेठ बराच वेळ भुवया पुसत राहिला. "खरं सांगू का भिकन," तो म्हणाला, "लग्नाच्या कामात तुझा हात कधी गोड नव्हता. पण दहाव्याला तुझ्यासारखा माणूस मला मिळणार नाही." आणि भिकनच्या खांद्यावरची चमकी झटकायला म्हणून त्याने हात ठेवला, तो लवकर काढला नाही.

अंबडला भिकनला खिडकीजवळ टेबल मिळालं, एक लाल पेन्सिल आणि रिकामी भिंत. डिझायनरची जागा एका उमद्या, हसऱ्या तरुणाला मिळाली होती. पहिल्याच दिवशी त्याचं पहिलं खोकं भिकनपुढे येऊन पडलं. हिरव्या मिरच्यांचं होतं. त्यावर ताजमहाल, त्यामागे इंद्रधनुष्य, आणि कमानीखालून हात हलवत बाहेर येणारी, डोळे आणि ओठ असलेली मिरची.

भिकनचा चेहरा नाकापासून आंबत गेला. ओठ वाकडे झाले, एक डोळा मिटला. त्याने खोकं लांब धरलं, जवळ धरलं, उलटं केलं. आणखी वाईट होतं. तो खुर्चीत नीट सरसावून बसला, लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिलं कारण लिहायला घेतलं. ते लिहून होईपर्यंत त्याला आणखी सात दिसली होती.